फळ्यावरचे व्याज

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात विद्यार्थी भीमरावांना गणित सोडविण्यासाठी फळ्याकडे बोलाविले गेले, तेव्हा विटाळाच्या भयाने सवर्ण मुलांनी फळ्यामागील आपले डबे घाईने दूर सारले. चरित्रकार धनंजय कीर यांनी हा प्रसंग नोंदविला आहे.

मी इतिहासाचा शिक्षक. तरीही खाप्याच्या मुलांना फळ्यापाशी बोलावून एक गणित हमखास मांडावयास लावतो. मुद्दल १००० रुपये, व्याज महिना शेकडा ३. तीन वर्षांचे सरळव्याज किती? बहुतेक मुले थेट सूत्राकडे धावतात आणि दर महिन्याचा, मुदत मात्र वर्षांची धरून ९० रुपये उत्तर काढतात. सावकाराला असे उत्तर कोण मान्य करील!

म्हणून पायरीपायरीने जावे. शंभरास महिन्याचे ३ रुपये. हजारात शंभर दहा वेळा, म्हणून महिन्याचे ३० रुपये. वर्षाचे महिने १२, म्हणून ३६० रुपये. तीन वर्षांचे १०८०. म्हणजे व्याज मुद्दलाहूनही ८० रुपयांनी अधिक. प्रत्येक आकड्यापुढे ‘रुपये’ की ‘महिने’ हे लिहिले की चूक तिथेच सापडते.

आपल्या आज्या-आजोबांनी अशाच हिशेबाखाली अंगठे उमटविले. पालकांनी घरातील कर्जाचा कागद मुलापुढे ठेवावा; दर महिन्याचा की सालाचा, हे त्याने आधी शोधावे.