बॅटरी एकाच्या छातीत, तपासणी साऱ्या घराची

सातारा-सांगलीकडे पहाटे कुठल्याही मैदानावर जा, पोलीस भरतीच्या सोळाशे मीटरसाठी पोरं पळताना दिसतील. मुलूखच रांगडा! गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीहून ऑलिंपिकचं ब्राँझ आणलं. कवठेपिरानचे मारुती माने हिंदकेसरी झाले. अशा ठिकाणी एखादा तरणाबांड गडी कोसळला, की ‘अटॅक आला’ म्हणून लोक मोकळे होतात. त्या वयात मात्र कारण बऱ्याचदा वेगळं असतं. त्यातलं एक, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. रक्तदाब वगैरे काही नसताना हृदयाचा स्नायू, विशेषतः खालच्या दोन कप्प्यांमधला पडदा, जाड होतो. अनेकांत रक्त बाहेर पडायची वाटही अडते. साधारण पाचशेत एकाला हा आजार असतो. सदोष जनुक आई किंवा वडिलांकडून येतं आणि ते प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी.

यावर पेसमेकर चालेल, असं १९९०च्या सुमारास डॉक्टरांना वाटू लागलं. तार उजव्या कप्प्याच्या टोकाशी बसवली की ठोका तिथून सुरू होतो, पडद्याचं आकुंचन बदलतं आणि वाट थोडी मोकळी होते. कल्पना झकास होती. पण १९९९ मध्ये अमेरिकेतला ४८ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन महिने पेसिंग चालू, तीन महिने नावापुरतं. कधी काय, हे रुग्णाला ठाऊक नाही. आराम दोन्ही वेळा सारखाच वाटला! ट्रेडमिलवरचा दम काही वाढला नाही. थोड्या वयस्क रुग्णांना तेवढा उपयोग झाला.

म्हणून आज पेसमेकर मुख्यतः ठोके फार मंदावले तर बसवतात, किंवा जाड पडद्यात अल्कोहोल सोडण्याच्या उपचारानंतर विद्युतमार्ग तुटला तर. अचानक मृत्यू टाळणारं यंत्र निराळं: आयसीडी. ठोके बेफाम झाले की ते आतूनच शॉक देतं. आपल्याकडे दोन्हींना ‘बॅटरी’च म्हणतात, तेव्हा कुठली बसवली हे डॉक्टरांना विचारून घ्या.

बॅटरी कुठलीही असो, ती भावंडांना वाचवत नाही. घरात कुणाला हा आजार निघाला, किंवा कुणी तरुणपणी अचानक गेलं, तर सख्ख्या नातलगांचा ईसीजी आणि टू-डी इको करून घ्या. मिशनरी डॉक्टर वानलेस यांच्या काळापासून दवाखान्यांचं गाव असलेल्या मिरजेत हे सहज होतं, साताऱ्यातही. आणि मुलाचा इको पंधराव्या वर्षी नॉर्मल आला म्हणून निश्चिंत राहू नका. स्नायू पुढेही जाड होऊ शकतो. डॉक्टर सांगतील तेव्हा तपासणी पुन्हा करा.