घरच्या मेहनतीने शेततळे : खर्च किती, दिवस किती?



असोदा गटात फिरताना आम्हाला नेहमी विचारणा होते, "साहेब, शेततळं घरच्या घरी करायचं तर किती पैसे लागतील?" त्याचा सरळ हिशोब येथे देत आहोत.

माप : ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल, बाजूंचा उतार एकास एक. तळाला २४ बाय २४ मीटर उरते. अशा तळ्याची खोदाई २,१९६ घनमीटर भरते. वरचा फूटभर भाग रिकामा ठेवावा, म्हणजे सुमारे १९ लाख लिटर पाणी हाती राहते. बांध व कुंपण धरून जागा ४० बाय ४० मीटर, म्हणजे जवळजवळ १६ गुंठे अडते. त्यासाठी उसाची किंवा भरताच्या वांग्याची काळी जमीन मोडू नये. पडीक, मुरमाड तुकडा पहावा.

पाणी किती पुरेल? कडक उन्हाळ्यात ठिबकवरील उसाला एकरी रोज ४० हजार लिटर धरले आणि बाष्पीभवनात रोज ९ हजार लिटर गेले, तर एका एकराला सुमारे ३८ दिवस. तळे पाणी निर्माण करीत नाही, फक्त साठवते. म्हणून ते पावसाळ्यातील वाहत्या पाण्याने भरावे. उन्हाळ्यात विहीर उपसून तळे भरणे म्हणजे सावलीतले पाणी उन्हात ठेवणे होय.

खर्च : पुढील दर हिशोबापुरते धरले आहेत. आपल्या गावचे दर घालून पुन्हा मांडावा.

खोदाई, घनमीटरला ५० रुपये : १,०९,८००
५०० मायक्रॉनचा कागद, जोडणीसह, १,२०० चौ.मी., दर ९० रुपये : १,०८,०००
उतार साफ करणे, चर, मजुरी : १५,०००
तारेचे कुंपण, १६० मीटर, दर २०० रुपये : ३२,०००
दोर, ट्यूब, फाटक-कुलूप : ३,०००
एकूण : २,६७,८००

घरची माणसे राबली तर मजुरीचे बरेच पैसे वाचतील. कागदाची जोडणी मात्र यंत्राने, जाणकाराकडूनच करावी. कागदावर आय.एस. १५३५१ ही खूण पाहून घ्यावी. 'मागेल त्याला शेततळे' योजनेत २०१६ साली अनुदानाची मर्यादा ५० हजार होती. २०२२ पासून मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत ती ७५ हजार झाली. चालू नियम कृषी सहायकाकडून समजून घ्यावेत आणि पूर्वसंमती हाती येण्याआधी पोकलेन शेतात उतरवू नये.

दिवस : आखणी १, खोदाई ५, उतारावरील दगड-काटे वेचणे व कडेचा चर ४, कागद २, कुंपण ३, एकूण पंधरा दिवस. होळीनंतर हात घालावा, आखाजीपर्यंत मोकळे व्हावे. कागद भर दुपारी किंवा वाऱ्यात अंथरू नये. सकाळी अंथरावा व लगेच तळाला थोडे पाणी सोडावे, नाहीतर वारा तो उचलतो. पाइपसाठी कागदाला भोक पाडू नये. पाणी वरूनच उचलावे.

आता मुख्य गोष्ट. पैसे संपत आले की पहिली काट कुंपणावर बसते. "पुढच्या वर्षी करू," असे म्हटले जाते. पण तळे भरले की पोरांना तो पोहायचा हौद वाटतो. विहिरीत हाताला पायरी लागते, दगड लागतो. इथे शेवाळलेला, गुळगुळीत कागद, ४५ अंशांचा उतार आणि जवळजवळ नऊ फूट पाणी. पट्टीचा पोहणाराही वर चढू शकत नाही. अशा तळ्यांत महाराष्ट्रात मुले बुडाली आहेत, त्यांना काढायला उतरलेली मोठी माणसेही गेली आहेत.

म्हणून चारही बाजूंना फूटफूट अंतरावर गाठी मारलेले जाड दोर तळापर्यंत सोडावेत. वरची टोके बांधावर पक्क्या खुंटांना बांधावीत. हवा भरलेल्या दोन जुन्या ट्यूब पाण्यावर ठेवाव्यात. पाच फूट कुंपण घालावे, फाटकाला कुलूप लावावे, किल्ली घरी ठेवावी. वरच्या हिशोबात यासाठी ३५ हजार आहेत, म्हणजे रुपयातले तेरा पैसे. तेवढे जमत नसतील तर तळे २० बाय २० मीटरचे करा. त्यातही वरचा फूटभर भाग सोडून सुमारे साडेसात लाख लिटर मावतात. पण कुंपण व दोर झाल्याशिवाय तळ्यात पाणी घेऊ नका.

जागा ठरविण्यापूर्वी गट कार्यालयात कळवावे. आम्ही टेप घेऊन बांधावर येऊ.

— ऊस विकास अधिकारी