ध्रुवतारा दीड मुठीवर

आकाशनिरीक्षणाच्या नादाला लागणाऱ्याने पहिले पुस्तक कोणते घ्यावे, हा प्रश्न बेळगाव-निपाणी पट्ट्यात कुणी विचारला की उत्तर बहुधा इंग्रजीतून येते. 'नाइटवॉच' घ्या, 'टर्न लेफ्ट ॲट ओरायन' घ्या. दोन्ही पुस्तके नावाजलेली आहेत, देखणी आहेत आणि आपल्या खिशाला जडही आहेत. मग चर्चा पैशावर येते: जुनी प्रत मिळेल का, कुणी झेरॉक्स देईल का, हप्त्याहप्त्याने पैसे साठवावेत का. या चर्चेत एक गोष्ट सुटते. 'टर्न लेफ्ट' हे मुळात छोटी दुर्बीण हाताशी असणाऱ्यासाठी लिहिलेले आहे, आणि 'नाइटवॉच'चे लेखक टेरेन्स डिकिन्सन कॅनडाचे. त्यांचा वाचक उत्तर अमेरिकेतला. ही पुस्तके उद्या फुकट मिळाली तरी आपल्या नवख्या माणसाला ती महागातच पडतील, कारण त्यांतले आकाश बेळगावच्या डोक्यावर नाही. आधी आपल्या अक्षांशाचे आणि आपल्या भाषेतले साहित्य शोधावे. किमतीचा प्रश्न मग जवळजवळ उरत नाही.

अक्षांशाची गोष्ट थोडी सविस्तर पाहू. ध्रुवतारा क्षितिजापासून किती उंच दिसतो, तर ढोबळमानाने जेवढा त्या गावाचा अक्षांश तेवढा. टोरांटोला तो ४४ अंशांवर, म्हणजे जवळपास अर्ध्या आकाशात. बेळगावचा अक्षांश १५.८५, निपाणीचा १६.४. हात लांब करून मूठ वळली की तिची रुंदी साधारण दहा अंश भरते. या मापाने आपला ध्रुव क्षितिजापासून जेमतेम दीड मूठ वर आहे. टिळकवाडीतल्या गच्चीवर उभे राहून पुस्तकात दाखवलेल्या उंचीवर त्याला शोधणारा माणूस भलत्याच ताऱ्याला ध्रुव समजून बसेल, आणि खरा ध्रुव शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागे असेल. तिकडच्या पुस्तकात सप्तर्षी कधी मावळत नाहीत, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करतात. आपल्याकडे ध्रुवापासून सोळा अंशांच्या आतलेच तारे बारमाही दिसतात. सप्तर्षी त्याबाहेर पडतात आणि दिवाळीच्या सुमारास संध्याकाळी चक्क क्षितिजाखाली असतात. त्या दिवसांत ध्रुवाची दिशा शर्मिष्ठेवरून काढावी लागते. दक्षिणेकडे हिशेब उलटा आहे. व्याधाखालोखाल आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा म्हणजे अगस्त्य, आणि टोरांटोच्या नकाशात तो मुळी नसतोच, कारण तिथे तो उगवत नाही. आपल्याकडे तो दक्षिणेला २१ अंशांपर्यंत चढतो. त्रिशंकूचा सर्वांत खालचा ताराही आपल्याला एक मूठ उंचीवर मिळतो. ज्या पुस्तकात हे दोन्ही नाहीत, ते कितीही गुळगुळीत कागदावर छापलेले असो, बेळगावकरांसाठी अर्धेच पुस्तक आहे.

ऋतूंचेही तसेच. अभिजित, हंस आणि श्रवण यांच्या मोठ्या त्रिकोणाला तिकडे 'उन्हाळ्याचा त्रिकोण' म्हणतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये दाखवतात. त्या महिन्यांत खानापूर-जांबोटीकडे आभाळ म्हणजे ओले घोंगडे. आपल्याला हा त्रिकोण पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पश्चिमेकडे कलताना भेटतो. उलट मे महिन्यात एखादा वळीव कोसळून धूळ बसली की त्या रात्री दक्षिणेचे आकाश जसे धुऊन निघते, तशी रात्र कुठल्याच परदेशी वेळापत्रकात नसते. शिवाय घड्याळाचा एक बारीक घोळ आहे. आपली प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, बेळगाव ७४.५ वर. आठ अंशांचा फरक म्हणजे ३२ मिनिटे. स्थानिक वेळेसाठी काढलेला 'रात्री आठ'चा नकाशा आपल्या घड्याळात साडेआठला जुळतो. हे माहीत नसलेला माणूस नकाशा चुकला म्हणतो.

मग मराठीत काय मिळते? परंपरा दरिद्री नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात 'ज्योतिर्विलास' लिहिले आणि त्याला 'रात्रीची दोन घटका मौज' असे मोठे लोभस उपशीर्षक दिले. गो. रा. परांजप्यांचा 'आकाशदर्शन ॲटलास' आहे. जयंत नारळीकर जन्माने कोल्हापूरचे, म्हणजे निपाणीकरांना तसे शेजारचेच. त्यांचे 'आकाशाशी जडले नाते' अनेक घरांत असते. मात्र इथे एक भेद करायला हवा. नारळीकरांचे पुस्तक विश्व कसे चालते ते समजावते. गच्चीवर बॅटरीच्या उजेडात उघडून 'समोरचा तांबूस तारा कोणता' हे पाहण्यासाठी ते नाही. खगोलशास्त्राचे पुस्तक आणि आकाशदर्शनाचे पुस्तक या दोन वेगळ्या वस्तू आहेत. भेट देणाऱ्यांची गल्लत इथेच होते आणि मोठे पुस्तक कपाटात जाऊन बसते.

यावर आक्षेप येतो की जुनी पुस्तके कालबाह्य झाली असतील. ग्रहांपुरता तो खरा आहे. गुरू वर्षाला साधारण एक रास सरकतो आणि बारा वर्षांनी फिरून त्याच राशीत येतो. नृसिंहवाडीचा कन्यागत पर्वकाळ याच हिशेबाने येतो. मागचा २०१६ मध्ये झाला. तेव्हा जुन्या पुस्तकातला ग्रहांचा तक्ता खुशाल सोडून द्यावा. ताऱ्यांचे तसे नाही. अयनचलनाने नकाशाची चौकट सरकते, तीही सुमारे ७२ वर्षांत एक अंश. दीक्षितांच्या काळापासून आजवर दोन अंशही भरत नाहीत. मृगाची आणि वृश्चिकाची आकृती तर या चलनाने जराही बदलत नाही. त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वीचे, कोपरे दुमडलेले आकाशदर्शनाचे पुस्तक रद्दीच्या दुकानात वजनावर मिळाले तरी ताऱ्यांसाठी ते नव्याइतकेच खरे आहे. बेळगावात १८४८ पासून सार्वजनिक वाचनालय आहे. अशा जुन्या ग्रंथालयांची कपाटे या कामी दुकानाआधी धुंडाळावीत. दीक्षित १८९८ मध्ये वारले, म्हणजे त्यांच्या पुस्तकावर आता कुणाचा स्वामित्वहक्कही उरलेला नाही.

पुस्तकाच्या जोडीला प्लॅनिस्फिअर म्हणतात ती नकाशाची फिरती चकती हवी: पुठ्ठ्याच्या दोन चकत्या, वरच्या चकतीला लंबगोल खिडकी, तारीख आणि वेळ जुळवली की त्या घटकेचे आकाश खिडकीत. खिडकीचा आकार अक्षांशावर ठरतो, म्हणून इंग्लंडसाठी काढलेली चकती आपल्या कामाची नाही. तिथे आणि इथे साडेतीन मुठींचा फरक आहे. पुण्या-मुंबईसाठी काढलेली मात्र बिनदिक्कत चालते. तिची चूक तीन अंशांच्या आसपास, हात लांब करून धरलेल्या दोन बोटांएवढी. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांसाठी काम करते आहे. अशा संस्थांच्या साहित्याकडे 'ते महाराष्ट्रातले' म्हणून पाहण्याचे सीमाभागात कारण नाही. तारे तालुक्यांच्या हद्दी मानत नाहीत, आणि निपाणीहून कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळच आहे.

तिसरे साधन विकतच घ्यावे लागत नाही, कारण ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर आधीच लटकलेले असते. कालनिर्णयाच्या रोजच्या चौकोनात चंद्रनक्षत्र दिलेले असते. ज्या दिवशी रोहिणी, मघा किंवा चित्रा लिहिले असेल, त्या रात्री चंद्राच्या आसपासचा ठळक तारा तोच. महिन्याभरात चंद्र स्वतः बोट धरून हे तारे दाखवतो. दत्तजयंतीची मार्गशीर्ष पौर्णिमा घ्या: तो पूर्ण चंद्र मृगाच्या परिसरात उगवतो, महिन्याचे नावच तिथून आले आहे. पंचांग म्हणजे भविष्य, शास्त्राच्या नवशिक्याच्या हाती ते कशाला द्यायचे, असे कुणी म्हणेल. राहुकाळाकडे पाहू नये. चंद्राच्या जागेचे गणित मात्र निव्वळ गणित आहे. दुसरी अडचण जास्त खरी आहे. पावसाची नक्षत्रे सूर्याची असतात. सात जूनच्या सुमारास 'मृग निघाला' म्हणतात तेव्हा सूर्य मृगात असतो, म्हणून मृगाचे तारे त्या दिवसांत मुळीच दिसत नाहीत. ते पाहायचे ते थंडीत. शिवाय पंचांगाने नक्षत्रांचे सत्तावीस सारखे भाग पाडले, पण तारे काही सारख्या अंतरावर नाहीत. स्वाती चंद्राच्या वाटेपासून तीन मुठी दूर आहे, तिच्याजवळ चंद्र कधी जात नाही. एवढे दोन इशारे देणारे पान ज्या पुस्तकात असेल, ते नवख्यासाठी चांगले, अशी कसोटी लावायला हरकत नाही. आणि ही नावे एकट्या मराठीची नाहीत. शेजारच्या कन्नड शेतकऱ्याचा पाऊसही रोहिणी-मृगशिरानेच मोजला जातो. शाळेत दोन्ही भाषांच्या मुलांना एकच चकती पुरते.

मोबाइल असताना हे सगळे कशाला, हा आक्षेप सर्वांत वजनदार. स्टेलॅरियम फुकट आहे, त्यात बेळगाव निवडता येते, आणि ग्रह कुठे आहेत ते सांगण्यात कुठलेही पुस्तक त्याची बरोबरी करणार नाही. घरी बसून उद्याची तयारी करायला ते जरूर वापरावे. पण डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पांढरा पडदा एकदा डोळ्यांसमोर आला की ती मेहनत वाया जाते. राजहंसगडाच्या पायथ्याशी अंधार शोधत जायचे आणि तिथे खिशातून दिवा काढायचा, यात काही अर्थ नाही. त्यातून फोन नाव सांगतो आणि माणूस ते विसरतो. बॅटरीला लाल जिलेटीन कागद गुंडाळून कागदी नकाशावर व्याधापासून अगस्त्यापर्यंत साडेतीन मुठी मोजणारा सहसा विसरत नाही.

इंग्रजी पुस्तकांची गरज पुढे पडतेच, हे कबूल. तारकागुच्छ आणि तेजोमेघ त्यांच्या क्रमांकांनी शोधायची वेळ येते, हातात दुर्बीण येते, तेव्हा 'टर्न लेफ्ट'वर घातलेले पैसे वसूल होतात. ती वेळ एक-दोन हिवाळ्यांनंतरची. तोवर फेब्रुवारीच्या मध्यात, रात्री नऊच्या सुमारास, दक्षिणेकडे तोंड करून उभे राहावे. मृगाच्या तीन ताऱ्यांची रेघ खाली वाढवली की व्याध लागतो, आणि व्याधाच्या जवळजवळ सरळ खाली, क्षितिजापासून दोन मुठींवर, अगस्त्य असतो.