यकृतातील चरबी येते कोठून?

पंचशीलातील पाचवे शील आपण विहारात दर रविवारी ग्रहण करतो. मद्य व मादक पदार्थांपासून अलिप्त राहण्याची ती प्रतिज्ञा होय. हे शील पाळणाऱ्याकडे आपल्या समाजात आदराने पाहिले जाते आणि न पाळणाऱ्याविषयी हळू आवाजात बोलले जाते. अशा वातावरणात एखाद्या उपासकाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'फॅटी लिव्हर' हे दोन शब्द उमटले म्हणजे काय होते, याचा अनुभव प्रस्तुत लेखकाने गेल्या वर्षी घेतला. दारूचा थेंब कधी जिभेला लागलेला नाही. तरीही घरातील एका वडीलधाऱ्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, "खरं सांग, केव्हापासून घेतोस?" मी हसून वेळ मारून नेली, पण त्या रात्री झोप लागली नाही.

मी कला शाखेचा पदवीधर. विज्ञानाचा आणि माझा संबंध शाळेतच संपला होता. परंतु प्रश्न आपल्याच पोटातला असला म्हणजे माणूस वाचू लागतो. डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे समजले, ते आपल्या संस्थेच्या सभासदांपुढे आणि विशेषतः विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

यकृत म्हणजेच लिव्हर हे प्रौढ माणसात सुमारे दीड किलो वजनाचे असते. आतड्यांतून शोषलेल्या अन्नरसाचा मोठा भाग रक्तावाटे प्रथम यकृतात येतो. साखर साठवणे, लागेल तशी ती रक्तात सोडणे, पित्त तयार करणे, विषारी द्रव्यांचा निचरा करणे अशी अनेक कामे ते करते. निरोगी यकृतात चरबी अगदी थोडी असते. हे प्रमाण पाच टक्क्यांच्या पुढे गेले की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. पुष्कळांची गाडी तेथेच थांबते. काहींच्या यकृताला मात्र सूज येते, सुजेतून व्रण होतात, व्रणांचे जाळे पसरून यकृत कठीण होते. यालाच आपण सिरॉसिस म्हणतो. सिरॉसिस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दारुडा उभा राहतो. हा समज पूर्ण खोटा नाही, पण अर्धवट आहे.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये युर्गेन लुडविग या विकृतिशास्त्रज्ञाने १९८० साली वीस रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्या यकृताचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली दारू पिणाऱ्यांच्या यकृतासारखेच दिसत होते, आणि हे लोक तर पिणारे नव्हते. त्यांतील बहुतेक जण स्थूल होते. लुडविगने या विकाराला 'नॉन-अल्कोहोलिक स्टिएटोहेपटायटिस' असे नाव दिले. म्हणजे "दारूमुळे नव्हे" हे नावातच सांगावे लागले! एखाद्या सभ्य गृहस्थाची ओळख करून देताना "हे चोर नव्हेत" असे म्हणावे, तसलाच हा प्रकार. या नावातला डाग पुसण्यासाठी २०२३ साली जगभरच्या यकृततज्ज्ञांनी नवे नाव ठरवले. त्याचा आशय 'चयापचयातील बिघाडाशी निगडित यकृतमेद' असा आहे. नाव लांबलचक झाले खरे, पण त्यात खरे कारण आले.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. ही चरबी यकृतात येते कोठून? आपण म्हणू, तेला-तुपातून येते, त्यात काय विचारायचे? हाच प्रश्न एलिझाबेथ पार्क्स या पोषणशास्त्रज्ञ बाईंनी नीट विचारला. त्या तेव्हा अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात होत्या, पुढे डॅलस येथे व नंतर मिसुरी विद्यापीठात त्यांनी काम केले. त्यांच्या चमूचा निबंध २००५ साली प्रसिद्ध झाला.

त्यांची युक्ती बँकेत काम करणाऱ्याला चटकन समजते. समजा, एका खात्यात तीन ठिकाणांहून रोकड भरली जाते आणि कोणाकडून किती आली हे कळत नाही. अशा वेळी तिघांच्याही नोटांवर वेगवेगळी खूण करून ठेवायची आणि शेवटी तिजोरी उघडून मोजायची. पार्क्सबाईंनी अणूंवर खूण केली. कार्बन आणि हायड्रोजन यांचे किंचित जड असे भाऊबंद निसर्गात असतात. ते किरणोत्सर्गी नसतात, त्यामुळे शरीराला अपाय करीत नाहीत, पण यंत्रावर ओळखू येतात. फॅटी लिव्हर असलेल्या नऊ स्थूल रुग्णांच्या यकृताचा तुकडा उपचारासाठी तपासला जाणारच होता. त्याआधी चार दिवस त्यांना अशी खुणेची द्रव्ये अन्नातून आणि शिरेतून देण्यात आली. एक खूण आहारातील स्निग्धांशावर होती. दुसरी अंगावरील चरबीतून सुटून रक्तात फिरणाऱ्या मेदाम्लांवर होती. तिसरी खूण यकृत ज्या कच्च्या मालापासून स्वतः नवी चरबी बनवते, त्या मालावर होती.

तिजोरी उघडल्यावर हिशेब असा निघाला. यकृतातील चरबीपैकी सुमारे ५९ टक्के अंगावरच्या चरबीतून आली होती. सुमारे २६ टक्के यकृताने स्वतः घरच्या घरी तयार केली होती, आणि ही चरबी मुख्यतः साखर व पिष्टमय पदार्थांतून बनते. ताटातील तेल-तुपातून थेट आलेली चरबी जेमतेम १५ टक्के होती. मी हे आकडे वाचून थक्क झालो. रिपोर्ट आल्यापासून आमच्या घरी तेलाच्या बुधलीवर पहारा बसला होता आणि साखरेच्या डब्याकडे कोणी पाहतही नव्हते.

ही २६ टक्क्यांची गोष्ट थोडी उलगडून सांगितली पाहिजे. निरोगी माणसात उपाशी वेळी यकृताचा हा चरबीचा कारखाना जवळजवळ बंद असतो. जेवण झाले की थोडा चालतो आणि मग पुन्हा थांबतो. या रुग्णांचा कारखाना उपाशीपोटीही चालू होता, आणि जेवणानंतर आणखी वाढायला जागाच उरली नव्हती. रात्रपाळी आणि दिवसपाळी एकच! याच्या मुळाशी इन्सुलिन आहे. इन्सुलिन अंगावरच्या चरबीला "आता सुटू नकोस" असे सांगते. पोट सुटलेल्या माणसात चरबी हा हुकूम नीट ऐकत नाही, म्हणून मेदाम्ले रक्तात वाहत राहतात. मग स्वादुपिंड आणखी जोराने इन्सुलिन सोडते आणि ते जादा इन्सुलिन यकृताच्या कारखान्याला चालना देते. दोन्हीकडून मार यकृतालाच. पार्क्सबाई व सहकाऱ्यांनी २०१४ साली यकृतात जास्त चरबी असलेल्या आणि कमी चरबी असलेल्या लोकांची तुलना केली. अंगावरच्या चरबीतून सुटणाऱ्या मेदाम्लांत दोन्ही गटांत विशेष फरक आढळला नाही. परंतु यकृताची स्वतःची चरबीनिर्मिती पहिल्या गटात तिपटीहून अधिक होती.

२००८ सालचा त्यांचा आणखी एक प्रयोग साखरेविषयी आहे. सहा निरोगी व्यक्तींना वेगवेगळ्या दिवशी सकाळी ८५ ग्रॅम साखर असलेले पेय दिले. एकदा केवळ ग्लुकोज, एकदा ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मे निम्मे, एकदा फ्रुक्टोज जास्त. निम्मे फ्रुक्टोज आले की यकृताची चरबीनिर्मिती सुमारे दुप्पट झाली. आपली रोजची साखर म्हणजे हेच निम्मे निम्मे मिश्रण होय, आणि गुळातही मुख्यतः तेच असते. "साखर सोडली, आता गुळाचा चहा घेतो" असे सांगणाऱ्या मित्रांनी याची नोंद घ्यावी. प्रयोग लहान होता हे खरे, पण त्याची दिशा स्पष्ट आहे.

मी माझा हिशेब मांडला. ऑफिसात आणि घरी मिळून पाच कप चहा, कपाला दोन चमचे साखर, चमच्याला पाच ग्रॅम. झाले पन्नास ग्रॅम! बिस्किटे आणि कोणाच्या बढतीचे पेढे वेगळेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की अशी वरून घातलेली साखर दिवसाला साधारण पंचवीस ग्रॅमपर्यंत असेल तर उत्तम. मी दुपारपर्यंतच ती मर्यादा ओलांडत होतो.

येथे कोणी म्हणेल, हे अमेरिकेतील लठ्ठांचे दुखणे आहे, आमची मुले तर काडीसारखी. या बाबतीत पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम प्रत्येक मराठी माणसाने समजून घेण्यासारखे आहे. १९९३ सालापासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालके सरासरी २.७ किलोची होती, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळे सर्व बाजूंनी लहान होती, पण स्नायू फार कमी आणि चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. म्हणजे बाळ दिसायला रोड, आतून मेदाळ. २००४ साली याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचाच फोटो 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! म्हणूनच भारतीयांसाठी हा निर्देशांक २३ च्या पुढे गेला की सावध व्हावे असे तज्ज्ञ सांगतात. पुरुषांनी कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रियांनी ८० च्या आत ठेवावा. वजनकाट्यापेक्षा शिंप्याचा टेप जास्त खरे बोलतो.

पिढ्यान्‌पिढ्यांची उपासमार गर्भातच शरीराला कमी अन्नावर जगायला शिकवते आणि पुढे सुबत्ता आली की तेच शरीर गोंधळते, अशी याची एक मीमांसा केली जाते. हे वाचताना मला माझी आजी आठवली. १९७२ च्या दुष्काळात तिने खडी फोडली, सुकडी आणि मिलोच्या भाकरीवर घर तगवले. तिचा नातू आज पंख्याखाली खुर्चीवर बसून आठ तास काम करतो. खुर्चीवर बसणारी आमची ही घरातील पहिली पिढी. बाबासाहेबांच्या पुण्याईने खुर्ची मिळाली. त्या बाबासाहेबांना स्वतःला अखेरच्या वर्षांत मधुमेहाने किती छळले, हे आपण जाणतो. मधुमेह आणि यकृतातील चरबी ही जवळची भावंडे आहेत. ज्याला एक आहे त्याने दुसऱ्याची तपासणी करून घ्यावी.

उपाय काय? अमेरिकेत २०२४ साली यासाठी पहिले खास औषध मंजूर झाले. तरी पाया आहार आणि चालणे हाच आहे. क्यूबातील २९३ रुग्णांचा वर्षभराचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी आपले वजन दहा टक्के किंवा अधिक घटवले, त्यांच्यापैकी सुमारे ९० टक्के रुग्णांची यकृताची सूज गेली. पण दहापैकी एकालाच एवढे वजन घटवता आले, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर वाचक महिनाभरात निराश होईल. पाच किंवा सात टक्के घटले तरी फायदा दिसतोच.

येथे कोसलनरेश पसेनदीची आठवण होते. संयुत्त निकायात ही कथा आहे. राजा द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत तथागतांकडे आला. भगवंतांनी त्याला उपास करायला सांगितले नाही की औषध दिले नाही. भोजनातील मात्रा जाणण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणण्यासाठी शंभर कार्षापण देऊ केले. हळूहळू राजाचा आहार आटोक्यात आला आणि अंग हलके झाले. मला यात आवडते ते हे की राजाला स्वतःच्या निश्चयावर भरवसा नव्हता, म्हणून त्याने माणूस नेमला. आमच्या घरी ते काम माझी मुलगी करते, आणि तेही विनामूल्य.

तपासणीविषयी दोन शब्द. रक्तातील एस. जी. पी. टी. ठीक आहे म्हणून यकृत ठीक आहे असे होत नाही, ते पुष्कळदा ठीकच येते. वय, प्लेटलेट, एस. जी. ओ. टी. आणि एस. जी. पी. टी. या चार आकड्यांवरून व्रणांचा अंदाज काढण्याची 'फिब-फोर' नावाची सोपी रीत आहे. डॉक्टरांना तिच्याविषयी विचारावे. २०२१ साली केंद्र सरकारने हा विकार मधुमेह, हृदयविकार आणि कर्करोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट केला आहे. तेव्हा सरकारी दवाखान्यात विचारायला संकोच नको. आणि हो, यकृतात चरबी असलेल्याने दारू घेऊ नये हे वेगळे सांगायला नको. दोन्ही कारणे एकत्र आली की व्रण लवकर होतात.

माझे वजन आठ महिन्यांत ८१ वरून ७५ वर आले आहे. चहा दोन कप, बिनसाखरेचा. पहिले पंधरा दिवस तो काढ्यासारखा लागला, आता साखरेचाच नकोसा वाटतो. पुढची सोनोग्राफी वैशाख पौर्णिमेनंतर आहे. ज्या वडीलधाऱ्यांनी मला बाजूला घेऊन विचारले होते, त्यांनी मध्यंतरी स्वतःची तपासणी केली. त्यांच्याही रिपोर्टवर तेच दोन शब्द आले. ते माळकऱ्यासारखे निर्व्यसनी आहेत. आता आम्ही दोघे सकाळी मैदानावर बरोबर फिरतो.