तरफेचें कोडें : ‘श्रम’ म्हणजे काय?

यांत्रिक बुद्धीच्या परीक्षांत एक कोडें वारंवार भेटतें. दोन गडी सारख्याच पहारींनीं सारखेच धोंडे उचलीत आहेत. एकाचा टेकू धोंड्याच्या जवळ, दुसऱ्याचा थोडा दूर. श्रम कोणाला कमी? परीक्षकाच्या मतें उत्तर उघड असतें. परंतु श्रम या शब्दानें केवढा घोटाळा होतो, तें आंकडे मांडल्यावांचून कळत नाहीं.

पहार १४० सेंटिमीटर लांब, टोंकावरील भार ६० किलो. पहारीचें वजन व घर्षण तूर्त सोडून देऊं. पहिल्याचा टेकू भारापासून २० सेंटिमीटरांवर आहे. त्याला १० किलोंच्या वजनाइतका जोर पुरतो. दुसऱ्याचा ४० सेंटिमीटरांवर. त्याला २४ किलोंइतका लागतो. हा समतोलाचा नियम आर्किमिडीजनें इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकांत सिद्ध केला. म्हणजे पहिला गडी सुखी!

आतां भार १० सेंटिमीटर वर न्यावयाचा आहे असें समजा. पहिल्याला हात ६० सेंटिमीटर खालीं न्यावा लागतो, दुसऱ्याला केवळ २५. दहा गुणिले साठ म्हणजे ६००. चोवीस गुणिले पंचवीस म्हणजेही ६००. पदार्थविज्ञानांतील ‘कार्य’ दोघांचें समान. जोरांत जें वांचतें तें अंतरांत भरावें लागतें, हें गॅलिलिओनें यंत्रांचा विचार करतांना स्पष्ट केलें होतें. म्हणून ‘दोघांना सारखेच’ असें लिहिणारा विद्यार्थी अडाणी नव्हे.

तिसरा अर्थ शरीराचा. भार नुसता तोलून धरला, तर हात हालत नाहीं, कार्य शून्य. तरीही स्नायू शक्ति खर्च करीतच राहतात आणि गडी थकतो. हा थकवा केवळ जोरावर किंवा अंतरावर ठरत नाहीं. किती वेळ धरलें, कसें वांकावें लागलें, यावरही ठरतो.

नोकरीची निवड जेथें एकेका गुणावर ठरते, तेथें अधिक खोल विचार करणाऱ्याचाच गुण जावा, हा अन्याय आहे. परीक्षकानें ‘जोर कोणाला कमी लावावा लागेल?’ इतकें जरी विचारलें, तरी संदेह मिटतो. आणि शब्द संदिग्धच असेल, तर परीक्षार्थ्यानें चित्राकडे पाहावें : भार किती उंच जातो याचा उल्लेख नसेल, टेकूची जागा तेवढी निराळी असेल, तर विचारणाऱ्याच्या मनांत बहुधा जोरच असतो. यंत्र कार्याची बचत करीत नाहीं. तें माणसाच्या आवांक्याबाहेरचा भार त्याच्या आवांक्यांत आणतें.