राउखबियर : धुराच्या चवीचा आस्वाद व त्याचे मूल्यमापन

प्रस्तावना :
दुधाला धुराचा वास लागला की आपण ते धुरकटले म्हणून बाजूला ठेवतो. परंतु विस्तवावर भाजलेल्या वांग्याच्या भरितात तोच वास हवाहवासा वाटतो. एकच गंध एके ठिकाणी दोष व दुसरीकडे गुण कसा ठरतो, हा आस्वादाच्या अभ्यासातील मूलभूत प्रश्न आहे. जर्मनीतील बांबर्ग या शहरात तयार होणारी ‘राउखबियर’ म्हणजेच धुराची बिअर या प्रश्नाचे उत्तम उदाहरण होय. प्रस्तुत लेखात तिची निर्मिती व आस्वादाची पद्धत यांचा थोडक्यात परिचय करून दिला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
बिअरसाठी सातू भिजवून त्यास मोड आणतात व नंतर ते वाळवतात. या वाळवलेल्या धान्यास ‘माल्ट’ म्हणतात. पूर्वी जेथे लाकडाच्या जाळावर माल्ट वाळवला जाई, तेथे धूर धान्यात मुरत असे व बिअरमध्ये उतरत असे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये या कामासाठी कोक वापरला जाऊ लागला. पुढे केवळ गरम हवेने माल्ट वाळविण्याच्या भट्ट्या प्रचारात आल्या. धूर टाळणे शक्य झाले आणि कालांतराने धुराची चव हा बिअरचा दोष मानला जाऊ लागला. बांबर्गमधील श्लेंकेर्ला व स्पेत्सियाल या दोन जुन्या मद्यशाळांनी मात्र जुनी पद्धत सोडली नाही. श्लेंकेर्लाच्या वास्तूचा उल्लेख १४०५ पासून आढळतो, तर स्पेत्सियालची परंपरा १५३६ पर्यंत मागे जाते. या शहराच्या जुन्या भागास १९९३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

धुराच्या चवीचे स्वरूप :
या दोन्ही मद्यशाळा आपला माल्ट स्वतः बीच वृक्षाच्या लाकडावर वाळवितात. लाकडातील लिग्निन उष्णतेने विघटित होऊन ग्वायाकोल, सिरिंगोल इत्यादी फिनॉलवर्गीय संयुगे तयार होतात व ती माल्टवर बसतात. म्हणजेच येथे धूर हा वेगळा मिसळलेला घटक नसून धान्य वाळविण्याच्या क्रियेतूनच आलेला असतो.

आस्वादाची पद्धत :
श्लेंकेर्लाची ‘मेर्त्सेन’ ही बिअर या प्रकाराची ओळख करून घेण्यास योग्य आहे. तिच्यात अल्कोहोलचे प्रमाण सुमारे ५.१ टक्के असते. प्रथम रंग पाहावा. तो गडद तपकिरी असतो. त्यानंतर गंध घ्यावा. या वेळी खारवून धुरावलेल्या मांसाची आठवण होते व अनेकांचे मत येथेच प्रतिकूल बनते. पहिल्या घोटावरून निर्णय देणे मात्र घाईचे ठरते. सतत येणाऱ्या गंधास आपले घ्राणेंद्रिय काही वेळाने सरावते. धुराची तीव्रता कमी जाणवू लागते व त्याखालील माल्टचा खमंगपणा, किंचित गोडवा आणि शेवटी हॉप्सचा कडवटपणा पुढे येतो. म्हणून थांबून, अंतराने दुसरा व तिसरा घोट घ्यावा. घोट गिळल्यानंतर नाकावाटे हळूच श्वास सोडल्यास गंधाचे बारकावे अधिक स्पष्ट होतात. स्पेत्सियालच्या बिअरमधील धूर तुलनेने सौम्य असल्याने दोहोंची शेजारी ठेवून केलेली तुलना उद्बोधक ठरते.

गुण आणि दोष :
‘ही बिअर धुरकट आहे’ एवढ्याने राउखबियरचे मूल्यमापन होत नाही. धूर व माल्ट यांचा समतोल साधला आहे काय, शेवट स्वच्छ आहे काय, हे पाहावे लागते. करपट, रबरासारखा किंवा औषधी वास येथेही दोषच मानला जातो. याउलट साध्या फिकट लागर बिअरमध्ये धुराचा हलकासा अंशही परीक्षकास खटकेल. निकष बदलतो तो पदार्थाच्या प्रकारानुसार; परीक्षकाच्या लहरीनुसार नव्हे.

निष्कर्ष :
चव केवळ जिभेवर ठरत नाही. अपेक्षा, सवय व निर्मितीप्रक्रियेचे ज्ञान यांचाही तीत वाटा असतो. एके काळी सर्वसामान्य असलेली चव तंत्रबदलामुळे दोष ठरली व दोन मद्यशाळांच्या चिकाटीमुळे आज वारसा म्हणून ओळखली जाते. राउखबियर प्रत्येकास आवडेलच असे नाही. परंतु ‘मला आवडत नाही’ आणि ‘हे सदोष आहे’ ही दोन विधाने भिन्न आहेत. कोणत्याही अपरिचित पदार्थाचे वा कलाकृतीचे मूल्यमापन करताना हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.