फॉस्फरस : विष की अन्न?

एकोणिसाव्या शतकात युरोपातील आगपेट्यांच्या कारखान्यांतील मजुरांना एक भयंकर रोग जडत असे. आधी दात दुखू लागत, मग जबड्याचे हाडच कुजे. काड्यांच्या गुलासाठी वापरल्या जाणाऱ्या पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफांचा हा परिणाम होता. अखेर १९०६ साली बर्न येथे काही देशांनी करार करून अशा आगकाड्यांवर बंदी घातली.

पण विद्यार्थी मित्रांनो, गंमत पाहा! ज्या फॉस्फरसने जबडा कुजतो, त्याच्यावाचून जबडा बनतही नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ७०० ग्रॅम फॉस्फरस असतो. त्यातील सुमारे ८५ टक्के हाडांत व दातांत कॅल्शियमच्या जोडीने राहतो. उरलेला मुख्यतः पेशींत असतो. तुम्ही धावता तेव्हा स्नायूंना ऊर्जा पुरविणाऱ्या एटीपी या रेणूतही तो असतोच.

हे कसे? मुक्त पांढरा फॉस्फरस विषारी आहे. पण शरीरात तो ऑक्सिजनशी संयोग पावून फॉस्फेटच्या रूपात असतो. रूप बदलले की गुण बदलतात!

अन्नातही तसेच आहे. दूध, अंडी, मासे यांतील फॉस्फरस सहज शोषला जातो. धान्ये व कडधान्ये यांत मात्र तो बहुतांशी फायटिक आम्लात अडकलेला असतो. ही बीजाने अंकुरासाठी केलेली साठवण! हे आम्ल फोडणारे विकर आपल्या आतड्यात फारच थोडे असते. शिवाय ते लोह व जस्त यांनाही धरून ठेवते. मटकीला मोड आणले की बीजातील विकर कामाला लागते आणि हा साठा मोकळा होऊ लागतो. मोडाच्या उसळीचे महत्त्व आता कळले ना?

जादा फॉस्फरस मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. म्हणून तर १६६९ साली हॅम्बुर्गच्या हेनिंग ब्रांटला तो चक्क मूत्रातून मिळाला! पण मूत्रपिंडे निकामी झाली, तर तो रक्तात साचतो. हाडे दुबळी होतात, रक्तवाहिन्या कठीण बनतात. अशा रुग्णांना कोलासारखी पेये वर्ज्य सांगतात, कारण त्यांतील फॉस्फोरिक आम्ल चटकन शोषले जाते. घरी कुणाला असे पथ्य असेल, तर बाटलीवरील घटकांची यादी तुम्हीच वाचा. तेथे ३३८ हा क्रमांक दिसला, तर समजा, हेच ते आम्ल!